साक्षीत न सांगितलेल्या गोळ्या

“पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्या सुनेकडे पाहून त्यांनी सोपे करून सांगितले, “फुप्फुसाचा क्षय. टीबी. घाबरायचं कारण नाही, औषध आहे. फक्त नियमानं घ्यायचं.”

सून अनिता शेजारच्या खुर्चीवर बसली होती. समोरच्या पडद्यावर माझ्या छातीचा एक्स-रे होता. उजवीकडे वरच्या भागात ढगासारखा पांढुरका डाग, आणि त्याच्या खाली, जरा बाजूला, खडूचा तुकडा चिकटवावा तसा एक लहान ठळक ठिपका. मी खुर्ची पुढे ओढून पाहू लागलो. भीती वाटायला हवी होती, पण त्या क्षणी कुतूहलच जास्त वाटत होते.

“ढगासारखं आहे ते आताचं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हा ठिपका जुना. भरून आलेल्या जखमेची खूण. पूर्वी कधी टीबी झाला होता का? गोळ्या घेतल्या होत्या?”

“नाही,” मी म्हणालो. “लहानपणी न्यूमोनिया झाला होता म्हणतात.”

त्यांनी कागदावर लिहिले. मी शाळामास्तर होतो, समोरच्याची वही उलटी वाचायची सवय आहे. पूर्वीचा उपचार : नाही.

हे खोटे होते. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मला क्षय झाला होता आणि मी आठ महिने गोळ्या घेतल्या होत्या. माझ्याशिवाय हे फक्त माझ्या पत्नीला माहीत होते, आणि ती चार वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली. आज मी शहात्तर वर्षांचा आहे. आमच्या मंडळीसाठी आणि ज्यांना हा आजार होईल, जे तो लपवण्याचा विचार करतील, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे.

या वेळची सुरुवात साध्या खोकल्याने झाली. सोलापुरात खोकला कोणालाही होतो, यंत्रमागांवरून उडणारे सुताचे तूस आणि उन्हाळ्याची धूळ आहेच. पण तीन आठवडे झाले तरी तो जाईना. संध्याकाळी अंगात कणकण यायची. धोतर कमरेला ढिले पडू लागले. अनिता म्हणाली, “मामा, तुमचं ताट निम्मं परत येतंय.” तिनेच मला सरकारी रुग्णालयात छातीच्या विभागात नेले.

तिथे थुंकीची डबी दिली. सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून आतला बेडका द्यायचा, नुसती लाळ चालत नाही. ती डबी सीबीनॅट नावाच्या यंत्रात जाते. जंतू आहेत का आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, अशा दोन प्रश्नांची उत्तरे ते यंत्र देते. जंतू आहेत, औषध चालेल, असे उत्तर आले. त्यामुळे डॉक्टरबाई निर्धास्त होत्या, आणि मीही सुटलो असे मला वाटले.

आता बावीस वर्षांपूर्वीचे सांगतो.

तेव्हा मी शाळेत शिकवत होतो आणि मंडळीत पंच होतो, म्हणजे पाळकसाहेबांबरोबर मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. रविवारी मुलांना बायबल शिकवायची शब्बाथ शाळाही माझ्याकडेच असे. पवित्र आत्म्याची नऊ फळे मी मुलांना पाठ करून घ्यायचो. पुठ्ठ्यावर झाड काढून फळांवर नावे लिहिली होती: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, आणि पुढची. एखादे मूल अडखळले की मी ओठांची हालचाल करून दाखवायचो. स्वतःत कोणते फळ कितपत पिकले आहे, हे तपासायचे मला कधी सुचले नाही.

क्षय झाला असे कळले तेव्हा मुलीच्या लग्नाचे बोलणे चालले होते. शाळेतही कळले असते. म्हणून मी बार्शीला एका खाजगी डॉक्टरांकडे जाऊ लागलो. महिन्यातून एका शनिवारी एसटीने जायचे, गोळ्या आणायच्या. शेजाऱ्यांनी विचारले तर बहिणीकडे जातो म्हणायचे. बहीण होतीच बार्शीत, त्यामुळे ते पूर्ण खोटेही वाटत नसे. परीक्षांच्या दिवसांत दोन-तीनदा जाणे जमले नाही आणि गोळ्यांत खंड पडला. बरे वाटत होते, म्हणून मीही फार मनावर घेतले नाही.

पाचव्या महिन्यात हंगामाचा सण आला. आमच्याकडे त्या उपासनेत लोक धान्य, भाजी, फळे वेदीपुढे आणून ठेवतात आणि ज्याला वर्षभरात देवाचा काही अनुभव आला असेल तो उभा राहून साक्ष देतो. मी आजारी होतो एवढे मंडळीला माहीत होते. ‘छातीचं दुखणं’ असे मीच सांगितले होते. तीन बुधवारी घरी प्रार्थनासभाही झाल्या होत्या. पाळकसाहेबांनी अचानक माझे नाव घेतले.

मी फक्त आभार मानून बसणार होतो. पण दोन वाक्ये बोललो आणि लोकांनी “हालेलुया” म्हटले. मग मी पुढे गेलो. डॉक्टरांनी आशा सोडली होती असे म्हणालो. कोणत्याही डॉक्टरांनी तसे म्हटले नव्हते. मी औषधाला हात लावला नाही, फक्त प्रार्थना आणि उपास, असेही म्हणालो. बोलताना ते मलाच खरे वाटू लागले होते. ते कसे घडते, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

उपासना संपल्यावर एक तिशीचा माणूस हात मिळवायला आला. याकोब त्याचे नाव. मूळ तेलुगू घराणे, वडिलांपासून विणकाम, हाही मागावरच होता. त्याला क्षय झाला होता आणि त्याने तो कोणापासून लपवला नव्हता. बायको रूथ त्याला दवाखान्यात नेई.

“गुरुजी,” तो म्हणाला, “आजपासून मी बी तुमच्यासारखाच विश्वास धरतो.”

मला त्याचा अर्थ कळला. तिथेच त्याला बाजूला घेऊन सांगता आले असते. लोक भोवती उभे होते. मी म्हणालो, “प्रभू बरं करो.”

याकोब सात महिन्यांनी गेला. मातीला मीच प्रार्थना केली. तिथे कोणीतरी म्हणाले, विश्वास कुठेतरी कमी पडला. मी ते ऐकले आणि प्रार्थनेचे पान उलटले.

आता या रूथचे पुढे काय झाले ते सांगायला हवे, कारण माझा आजार तिच्याच हाती आला. नवरा गेल्यावर तिने काही वर्षे शिवणकाम केले, मग ती आमच्या भागाची आशा कार्यकर्ती झाली. घरोघर जाऊन औषधे पोहोचवायची, रुग्ण गोळ्या घेतो की नाही ते पाहायचे, हे तिचे काम. माझा उपचार सुरू झाला तेव्हा गोळ्यांचे पाकीट घेऊन तीच दारात आली.

मी अनिताला हळूच विचारले, दुसरे कोणी येणार नाही का?

“का? रूथताई चांगल्या आहेत की,” अनिता म्हणाली.

रोज सकाळी नऊला रूथ यायची. तोंडाला मास्क, खांद्याला पिशवी. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो. ती चार पावलांवर उभी राहायची.

“घ्या गुरुजी. चारी एकदम नको, एकेक घ्या. तोंड उघडा बघू.”

“मी काय शाळेतला पोर आहे?”

“पोरं ऐकतात की. म्हातारी माणसं जिभेखाली ठेवतात.”

रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. नवा रुग्ण घाबरतो, म्हणून आधी सांगतात. मी घाबरलो नाही. रूथने ते टिपले. “गुरुजी, लाल झाली का विचारलं तर तुम्ही नुसती मान हलवली. बाकीचे रुग्ण पहिल्याच दिवशी बोंब मारतात.”

ती रोज येत होती आणि मी रोज तिच्याकडे पाहत होतो. पावसात आली, ताप असताना आली. एका बाईने दार उघडले नाही म्हणून तासभर जिन्यावर बसून राहिल्याचे तिने हसत सांगितले. सहनशीलता हा शब्द मी चाळीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतला होता. तो असा खांद्याला पिशवी लावून दारात येतो, हे मी नवीन काही शिकावे तसे पाहत होतो.

दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासली. जंतू गेलेले असायला हवे होते. ते होते.

डॉक्टरबाईंनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. “गोळ्या चुकवल्या नाहीत ना?”

“एकही नाही. रूथताई उभ्या असतात,” अनिता म्हणाली.

“मग हे असं का व्हावं, कळत नाही.” त्यांनी पहिला एक्स-रे पुन्हा पडद्यावर आणला. तो खडूचा ठिपका. “काका, हा न्यूमोनियाचा आहे, नक्की?”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. एखादे गणित सुटत नाही तेव्हा हुशार मूल जसे पुन्हा पहिल्या ओळीवर जाते, तशा त्या पाहत होत्या. आणि पहिली ओळ मीच चुकीची सांगितली होती.

मी सगळे सांगितले. बार्शी, आठ महिने, मध्ये चुकलेल्या गोळ्या. अनिताने माझ्याकडे पाहिले आणि मग खाली पाहिले.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. “पूर्वी गोळ्या घेतलेल्या माणसाची आणखी एक तपासणी मी पहिल्याच दिवशी आग्रहानं मागवली असती,” एवढेच म्हणाल्या. त्या तपासणीचे नाव लाइन प्रोब अ‍ॅसे. सीबीनॅट एका औषधाबद्दल सांगते, ही दुसऱ्या औषधाबद्दलही सांगते. माझ्या जंतूंना आयसोनियाझिड नावाचे औषध ओळखीचे झाले होते, म्हणजे ते त्याला दाद देत नव्हते. खंडित घेतलेल्या गोळ्यांनी बहुधा मीच ती ओळख करून दिली होती. औषधे बदलली, मुदत वाढली. आणि दोन महिने अनिता, तिची मुलगी आणि रोज दारात येणारी रूथ, सगळ्यांना माझ्या खोकल्याची जोखीम राहिली. त्यांच्याही तपासण्या झाल्या. अहवाल यायला तीन दिवस लागले. सगळे स्वच्छ निघाले. कोणाला हा आजार झाला आणि डॉक्टरांनी जुने काही विचारले, तर सांगा. लाज वाटली तरी सांगा. सोबत आलेल्यांना बाहेर पाठवून सांगा.

डॉक्टरांना सांगणे त्या मानाने सोपे होते. रूथला सांगायचे राहिले होते.

नव्या गोळ्यांचे पाकीट घेऊन ती आली त्या सकाळी मी आधी गोळ्या गिळल्या, तोंड उघडून दाखवले, आणि म्हणालो, “रूथ, मला हा आजार दुसऱ्यांदा झालाय.”

“कार्डावर लिहून आलंय,” ती म्हणाली. “पहिल्यांदा कधी?”

मी सांगितले. ती पिशवीचा बंद धरून उभी राहिली.

“कुठं घेत होता?”

“बार्शीला.”

“रोज?”

“बहुतेक रोज.”

“त्या सणाच्या रविवारी?”

“घेतली होती. सकाळी. देवळात यायच्या आधी.”

“पाणी प्या अजून,” ती म्हणाली. मी प्यालो. तिने कार्डावर खूण केली आणि गेली.

पुढचे दोन दिवस ती आली नाही. नऊ वाजता फोन यायचा. “घेतली?” “घेतली.” फोन बंद. तिसऱ्या दिवशी ती आली, नेहमीच्या जागी उभी राहिली, मला गोळ्या घ्यायला लावल्या. मग म्हणाली:

“मी तुम्हाला माफ केलं का नाही, ते मला अजून ठाऊक नाही. विचारू नका. पण मला सांगून काय उपयोग? मी तेव्हाही गोळ्या घ्या म्हणतच होते. अम्माला सांगा.”

अम्मा म्हणजे तिची सासू, एस्तेरम्मा. आता ऐंशीच्या पुढे. त्या रविवारनंतर त्या घरात काय झाले, ते रूथने ओट्यावर उभ्या उभ्या सांगितले. ती नवऱ्याच्या हातावर गोळ्या ठेवायची. सासू म्हणायची, गुरुजी बिनऔषधाचे उठले, तुझ्याच मनात शंका. याकोब गेला तेव्हा सासूने ठरवले की घरात एक अविश्वासी होती म्हणून प्रार्थना पोहोचली नाही. बावीस वर्षे दोघी एका घरात राहिल्या. रूथने सासूचे दुखणेखुपणे काढले, तिच्या हातचे सासू जेवली. पण ते वाक्य कधी परत घेतले गेले नाही.

“रोज म्हणतात असं नाही,” रूथ म्हणाली. “ईस्टरला म्हणतात. नाताळला म्हणतात.”

औषध लागू पडून थुंकीत जंतू नाहीत असा अहवाल आला आणि डॉक्टरबाईंनी लोकांत जायला परवानगी दिली, त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. दुपार होती. शेजारच्या घरात माग चालू होता, त्यामुळे भिंत थरथरत होती. एस्तेरम्मा जमिनीवर बसून चटणीसाठी शेंगा फोडत होती.

“या गुरुजी. लई वाळला की तुम्ही.”

मी तिच्यासमोर खाली बसलो. मागाच्या आवाजामुळे मोठ्याने बोलावे लागत होते, आणि असली गोष्ट मोठ्याने सांगणे फार कठीण जाते. तरी सांगितली.

तिचे हात थांबले. “तुमी पंच होता,” ती म्हणाली. “पंच कशाला खोटं बोलंल?”

“बोललो, अम्मा.”

तिने शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, “त्या गोळ्या मी टाकल्या. मोरीत. लाल पाणी वाहिलं. मी म्हटलं, सैतान गेला घरातनं.”

हे माझ्या हिशेबात नव्हतेच. माझे ओझे उतरवायला गेलो आणि ते एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर ठेवले, असे मला दिसले. मी म्हणालो, “तुम्ही माझ्या शब्दावर टाकल्या. दोष शब्दाचा आहे.”

“शब्द तुमचा. हात माझा.” तिने दाराकडे पाहिले. रूथ उंबऱ्यात उभी होती. “तुमचं ऐकलं. हिचं न्हाई ऐकलं. ही रोज सांगत होती, म्हणून न्हाई ऐकलं.” आणि मग रूथला, “तुला मी म्हटलं, तुझा विश्वास न्हाई.”

“म्हटलं,” रूथ म्हणाली.

माग चालूच होता. एस्तेरम्मा म्हणाली, “आता जावा, गुरुजी.” मी निघालो. माझ्यामागे त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. फार जाणून घ्यावेसे वाटते, पण मी विचारलेले नाही.

चार दिवसांनी गोळ्या देताना रूथ म्हणाली, “अम्मा विचारतात, देवळात कधी सांगणार?”

मी पाळकसाहेबांकडे गेलो. हे तरुण पाळक आहेत, त्या वेळी ते शाळेत असतील. त्यांनी शांतपणे ऐकले. “गुरुजी, लोकांचा प्रार्थनेवरचा विश्वास डळमळेल,” ते म्हणाले. “माझ्यापाशी सांगितलंत, देवापाशी सांगितलंत, पुरे नाही का?”

मी म्हणालो, “तीन बुधवार लोक माझ्यासाठी गुडघे टेकत होते, ती प्रार्थना खरी होती. गोळ्याही खऱ्या होत्या. मी दोन्हींतली एकच सांगितली. दुसरी सांगू द्या.”

देवाने त्या वेळी मला कशाने बरे केले, हा प्रश्न मी अजून मनात घोळवतो. बार्शीचे डॉक्टर, एसटीचा चालक, पत्नीने डब्यात लपवून ठेवलेल्या गोळ्या, यांतले काय देवाचे आणि काय नाही, ही रेघ मला ओढता येत नाही. त्या रविवारी मी ती फार सहज ओढली होती.

पाळकसाहेब म्हणाले, साध्या रविवारी बोला.

मग तो रविवार आला. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, नेहमीसारखे. रूथ मध्ये कुठेतरी होती. एस्तेरम्मा भिंतीला टेकून अगदी मागे. माझे नाव घेतल्यावर मी उभा राहिलो. लोकांना वाटले, गुरुजी दुसऱ्यांदा बरे झाले, त्याची साक्ष. एकदोघांनी आधीच “स्तुती असो” म्हटले.

मी सुरुवात केली. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग आता पूर्वीसारखा भरत नाही, आवाज लांब जात नाही. मी सांगत गेलो, मला क्षय होता, मी बार्शीला गोळ्या घेत होतो, त्या दिवशी सकाळीही घेतली होती. याकोबचे नाव घेतले. रूथ त्याला गोळ्या घ्यायला सांगत होती आणि तिचे बरोबर होते, हेही सांगितले. पंखे फिरत होते. पेटीवाला गाण्याचे पुस्तक उघडे धरून पाळकसाहेबांकडे पाहत होता. मी बसायला वाकलो.

“गुरुजी,” बायांच्या बाजूने मागून एस्तेरम्माचा आवाज आला. “मोठ्यानं सांगा की. मागं ऐकाया येईना.”

सगळ्यांनी वळून पाहिले. ती भिंत धरून उभी राहिली होती.

मी सरळ झालो. छातीत मावेल तेवढा श्वास घेतला. एवढा तरी श्वास शिल्लक ठेवल्याबद्दल मी देवाचे आभार मानले, डॉक्टरबाईंचे मानले, रूथचेही मानले. आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितले.